बांबूच्या अंडरवेअर: घामट आणि धावपळ्या पुरुषांचे अनुभव हवेत

रानवारा
नमस्कार मंडळी. इथे बूट, मोजे, सॅक, टोप्या सगळ्यांवर धागे आहेत आणि जी गोष्ट दिवसभर अंगाला चिकटून असते तिच्यावर एकही नाही, म्हणून हा काढतोय.

माझं रूटीन असं: सकाळी पळणं, आठवड्यात जमेल तसं जिम, सुट्टीला डोंगर, आणि मधला सगळा वेळ खुर्चीत. घाम भरपूर येतो. आतापर्यंत सुती ब्रीफ वापरत आलोय, पण लांब पळालो की जांघेत काचतं, लाल होतं आणि मग आंघोळीला पाणी लागलं की डोळ्यांपुढे काजवे. सध्या जिथे बघावं तिथे बांबूच्या अंडरवेअरची जाहिरात दिसते. मऊ, थंड, घाम शोषणारी, वास न येणारी, जंतू मारणारी, पर्यावरणाला चांगली, आणखी काय काय. किंमत सुतीपेक्षा बरीच जास्त.

प्रश्न तीन. खरंच फरक पडतो का? कुठल्या कटची घ्यावी? आणि टिकतात का? वापरलेल्यांनीच सांगा, प्लीज.

निवांत
घ्या, डोळे झाकून घ्या. मी सगळ्या सुती काढून टाकल्या. पहिल्यांदा घातली तेव्हा काही घातलंय असं वाटेचना. उन्हाळ्यात तर परत सुतीकडे जाणं अशक्य.

टकमक
शीर्षक नुसतं 'बांबू'वर थांबलं असतं तर मी घाबरून धागा उघडलाच नसता. वाचतोय, चालू द्या :)

कापूसकोंडा
निवांत, तुम्ही त्या घालून पळता का? धागालेखक पळणारे आहेत. घरात, ऑफिसात मऊ लागणं वेगळं आणि घामाने चिंब झाल्यावर मांडीवर घासणं वेगळं. माझ्या मते हा सगळा मार्केटिंगचा खेळ आहे. चांगल्या विणीची सुती घ्या आणि जांघेला व्हॅसलिन लावा. विषय संपला.

निवांत
पळत नाही, पण दिवसभर उभं राहून, चालून काम असतं आणि घाम मलाही येतो. विषय कसा काय संपला लगेच?

परीक्षानळी
थोडं कापडाच्या आत शिरूया म्हणजे दोघांचं भांडण मिटेल.

बाजारात 'बांबू' म्हणून जे मऊ कापड मिळतं ते जवळपास सगळं व्हिस्कोस असतं, म्हणजे रेयॉन. बांबूचा लगदा करायचा, तो कॉस्टिक सोड्यात भिजवायचा, मग कार्बन डायसल्फाइडची प्रक्रिया करून दाट पाकासारखं द्रावण बनवायचं आणि ते बारीक छिद्रांतून सल्फ्युरिक आम्लाच्या द्रावणात सोडायचं, की धागा तयार. ही पद्धत इंग्लंडमध्ये १८९२ साली पेटंट झाली, तेव्हा बांबूचा काही संबंध नव्हता, लाकडाचा लगदा वापरायचे. शेवटी हाती येतं ते शुद्ध सेल्युलोज. ते बांबूतून आलं की निलगिरीतून, हे तयार धाग्यावरून सांगणं जवळपास अशक्य. जाळून बघायची ट्रिक लोक सांगतात, पण तिच्यात फक्त पॉलिस्टरसारखे धागे पकडले जातात, ते वितळून कडक मणी होतो. व्हिस्कोस कुठलंही असो, कागदासारखं जळतं.

म्हणून 'बांबू मुळातच जंतुनाशक असतो' हा दावा कपड्याला लावता येत नाही. झाडात काही गुण असले तरी एवढ्या रसायनांतून गेल्यावर ते धाग्यात उरतात याला आधार नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांची फसवणूक रोखणारी सरकारी संस्था) २००९ पासून याच कारणासाठी कंपन्यांना धरलंय: रेयॉनला रेयॉन म्हणा आणि जंतुनाशक म्हणायचं असेल तर पुरावा दाखवा. २०२२ मध्ये कोल्स आणि वॉलमार्ट या दुकानांच्या दोन साखळ्यांनी मिळून ५५ लाख डॉलर दंड भरायचं मान्य केलं होतं.

आता मऊपणा. तो मात्र खरा आहे. व्हिस्कोसचा तंतू लांब आणि गुळगुळीत असतो, कापसासारखी तुटक टोकं कमी, त्यामुळे त्वचेला टोचत नाही. ओलावाही जास्त धरतो. साधारण दमट हवेत कापूस वजनाच्या ८ टक्क्यांच्या आसपास ओलावा धरतो, व्हिस्कोस १२-१३, नायलॉन ४ आणि पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. म्हणजे थोडा थोडा घाम येत राहिला तर व्हिस्कोस तो आत ओढून घेतो आणि त्वचा कोरडी वाटते. निवांत यांचा अनुभव तिथे बरोबर. पण घामाची धार लागली की तेच कापड पाणी धरून बसतं, तंतू फुगतात, वाळायला वेळ लागतो आणि ओलं असताना व्हिस्कोसची ताकद जवळपास निम्म्यावर येते. कापसाचं उलट आहे, तो ओला झाल्यावर जरा मजबूतच होतो. इथे कापूसकोंडा बरोबर.

टकमक
दोघंही बरोबर? अशाने धागा शंभरी कसा गाठणार!

रानवारा
परीक्षानळी, मस्त माहिती, धन्यवाद. म्हणजे लांब पळायला बांबू नको आणि बाकी दिवसभर चालेल, असं समजू का?

दोनचाकी
ढोबळमानाने हो. मी सायकलवाला आहे, माझं मत विचाराल तर लांब राइडला पॅडवाल्या शॉर्ट्सच्या आत काहीच घालायचं नाही. बांबू नाही, सुती नाही, काहीच नाही. ते पॅड थेट कातडीला लागावं असंच बनवलेलं असतं. आत चड्डी घातली की तिची शिवण बरोबर सीट आणि हाडाच्या मध्ये येते आणि मग दोन दिवस बसताना उशी शोधावी लागते. नवीन लोक लाजेखातर घालतात आणि मग सायकललाच शिव्या देतात. राइड संपल्यावर मात्र लगेच बदलून बांबूची घालावी, त्यासारखं सुख नाही.

डोंगरमाथा
+१ बदलण्याला. आम्ही सॅकमध्ये एक कोरडी जोडी वरच्या कप्प्यात ठेवतोच. मुक्कामाच्या जागी पोचलं की आधी ओलं काढायचं, मग बाकीचं सगळं.

चढायला मी मेरिनो जातीच्या मेंढीच्या लोकरीची पातळ ट्रंक (आखूड पायाची चड्डी) वापरतो. लोकर म्हटलं की लोक दचकतात पण ती बारीक असेल तर अजिबात टोचत नाही. आणि लोकरीची खासियत म्हणजे बराच ओलावा आत घेते तरी ओली वाटत नाही, वासही कमी. महाग आहे, आणि कसर लागते हा एक ताप. पावसात आणि थंडीत बांबू मला नको वाटतो कारण एकदा भिजला की अंगातली ऊब ओढून घेत राहतो, तिथे त्याची आणि सुतीची गत सारखीच.

शिवणटिपण
इतका वेळ वाचतेय आणि सगळे कापडावरच अडकलेत. मी सॅम्पल शिवणाऱ्या युनिटमध्ये काम केलंय, पुरुषांच्या अंतर्वस्त्रांचेच सॅम्पल असायचे. काचणं हे निम्म्याहून जास्त शिवणीचं आणि कटचं दुखणं असतं, कापड नंतर.

चड्डी उलटी करा. जांघेच्या बाजूला जिथे पाय सुरू होतो तिथली शिवण दोन बोटांत धरून फिरवून बघा. उभी कड लागली, जाड दोरा लागला, तर ती ओव्हरलॉकची साधी शिवण. पळताना दर पावलाला ती कड मांडीवरून फिरणार, आणि घामाचं मीठ त्यात मिसळलं की काचपेपरच झाला. चांगल्या मालात फ्लॅटलॉक असतं, म्हणजे दोन्ही कापडं एकमेकांना लागून सपाट शिवलेली, बोटाला जेमतेम कळतात. मग बघा सगळ्या शिवणी एकत्र कुठे येतात. स्वस्त मालात पुढची, मागची आणि दोन्ही पायांच्या शिवणी बरोबर मध्यावर, खाली एका ठिपक्यात भेटतात. तिथे एक गाठ होते आणि ती सगळ्यात नाजूक जागी टोचते. त्याऐवजी तिथे वेगळा तुकडा जोडलेला असतो, त्याला गसेट म्हणतात. गसेट असला की शिवणी बाजूला सरकतात आणि पाय फाकवताना कापड ओढलं जात नाही.

पायाची लांबी हा दुसरा मुद्दा. ज्यांच्या मांड्या एकमेकींना घासतात त्यांनी ब्रीफ किंवा छोटी ट्रंक घेऊच नये, बांबूची असो नाहीतर सोन्याची. मांडीचा जो भाग घासतो त्याच्या खालपर्यंत कापड यायला हवं, म्हणजे लांब पायाची बॉक्सर ब्रीफ. आणि पायाची कड वर गुंडाळली जात असेल तर साइज चुकलाय किंवा कडेला पुरेसा ताण नाही.

डेडलिफ्ट
ताई, हा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवून ठेवायला पाहिजे. स्क्वॉट करताना मागची शिवण उसवण्याचं कारण आज कळलं, गसेटच नसतो त्यांत.

जिमवाल्यांसाठी माझी भर: बांबूमध्ये ५ टक्के इलॅस्टेनवाली (इलॅस्टेन म्हणजे ताणला जाणारा धागा) चालते पण ८-१० टक्के असेल तर पकड चांगली राहते. कमी इलॅस्टेनवाली घामाने जड झाली की खाली ओघळते, पाऊच सैल पडतो आणि सेटच्या मध्येच ॲडजस्ट करत बसावं लागतं. आणि पाऊच हवाच, सपाट पुढा नको. पाऊच असला की सगळं पुढे राहतं, मांडीला चिकटत नाही, अर्धा घाम तिथेच कमी होतो.

त्वचाबोध
त्वचेचा डॉक्टर आहे, थोडं माझ्या बाजूनेही ऐका.

जांघेतली प्रत्येक लाली काचण्याची नसते. काचल्यावर आग होते, जागा घासणीचीच असते आणि विश्रांती दिली की काही दिवसांत बरी होते. खाज जास्त असेल, गोलसर कड पसरत जात असेल आणि कडेला लाल व मध्ये फिकी दिसत असेल तर तो नायटा, म्हणजे बुरशी. अंडरवेअर बदलून तो जाणार नाही, बांबूची घेतली तरी नाही. आणि कृपा करून दुकानातून स्टेरॉइड मिसळलेलं मलम आणून लावू नका. खाज लगेच थांबते म्हणून माणूस खूश होतो, पण बुरशी आत पसरत राहते, तिचं रूप बदलतं आणि मग आम्हालासुद्धा ओळखायला अवघड जाते.

खेळणाऱ्यांमध्ये एक गोष्ट फार दिसते. पायाच्या बोटांमध्ये चिखल्या असतात, अंडरवेअर घालताना पाऊल आतून जातं आणि तीच बुरशी जांघेत पोचते. उपाय साधा आहे: पायाला बुरशी असेल तर आधी मोजे घाला, मग अंडरवेअर. पायावरही उपचार करा. कपडे वेगळे, गरम पाण्यात धुवा, ६० अंशांपर्यंत. आणि टॉवेल कुणाचा कुणी वापरू नका.

टकमक
आधी मोजे, मग चड्डी. हे डॉक्टरांचं लेखी घेऊन ठेवतो, घरी दाखवायला लागेल.

निवांत
डॉक्टर, एक अवांतर विचारतो. घट्ट अंडरवेअरने पुरुषांच्या प्रजननावर परिणाम होतो म्हणतात त्यात कितपत तथ्य?

त्वचाबोध
माझा विषय नाही, तरी ठाऊक आहे ते सांगतो. वृषणांना शरीरापेक्षा २ ते ४ अंश कमी तापमान लागतं, म्हणून तर ती बाहेर असतात. २०१८ मध्ये ह्यूमन रिप्रॉडक्शन या नियतकालिकात ६५६ पुरुषांचा अभ्यास आला होता, त्यात बहुतेक वेळ सैल बॉक्सर घालणाऱ्यांमध्ये वीर्यातली शुक्राणूंची घनता सरासरी २५ टक्के जास्त आढळली. पण हे सगळे प्रजनन केंद्रात तपासणीला आलेल्या जोडप्यांमधले होते आणि घट्ट घालणाऱ्यांचीही सरासरी नॉर्मल मर्यादेतच होती. त्यामुळे घाबरण्यासारखं काही नाही. मूल हवंय आणि अडचण येतेय अशांनी पळण्यापुरती घट्ट घालून बाकी वेळ सैल घालावी, त्यात तोटा तर नाहीच.

गवतझाड
पर्यावरणाचं कुणी बोललंच नाही. बांबू हे गवत आहे, झपाट्याने वाढतं, कापल्यावर मुळापासून परत फुटतं, कापसाच्या मानाने पाणी आणि फवारणी कमी लागते. हे फायदे खरे आहेत ना?

परीक्षानळी
शेतातले फायदे खरे आहेत. प्रश्न कारखान्यात सुरू होतो. कार्बन डायसल्फाइड कामगारांच्या मज्जासंस्थेला घातक आहे, हे व्हिस्कोसच्या धंद्यात शंभराहून जास्त वर्षं माहीत आहे. जिथे वायू आणि सांडपाणी नीट पकडलं जात नाही तिथे किंमत कामगार आणि आजूबाजूचे लोक मोजतात. हे वाचून माझा जीव दर वेळी तुटतो, कारण बॉक्सवर हिरवं पान छापलेलं असतं.

पर्याय आहे: लायोसेल. त्यात वेगळा द्रावक वापरतात आणि तो ९९ टक्क्यांहून जास्त परत मिळवून पुन्हा वापरला जातो, कार्बन डायसल्फाइड लागतच नाही. बांबूपासूनही लायोसेल बनतं पण कमी मिळतं, आणि ते असेल तर कंपनी ठळक लिहितेच. वर, लायोसेल ओलं असतानाही व्हिस्कोसपेक्षा पुष्कळ मजबूत राहतं, म्हणजे टिकण्याचा प्रश्नही सुटतो. मोडाल हा व्हिस्कोसच्याच घराण्यातला, बीच नावाच्या झाडापासून बनतो, मऊपणात बांबूच्या तोडीस तोड.

ओइको-टेक्स स्टँडर्ड १०० असं लेबल दिसलं तर त्याचा अर्थ एवढाच की तयार कपड्यात घातक रसायनांची तपासणी झालीय. कारखान्यातल्या हवेबद्दल ते लेबल काही सांगत नाही.

कापूसकोंडा
म्हणजे शेवटी माझंच बरोबर, मार्केटिंग!

निवांत
अहो नाही, मऊपणा खरा आहे असं त्यांनीच वर लिहिलंय. तुम्ही एकदा घालून बघा, मग बोला. न घालता किती विरोध करणार?

कापूसकोंडा
मला वाढदिवसाला कुणीतरी दिलेल्या आहेत, घालतो मी, झोपताना. झोपायला उत्तम आहेत हे मान्य. आक्षेप 'ॲक्टिव्ह' या शब्दाखाली विकण्याला आहे. पळणाऱ्याला विकताना ओलं झाल्यावर काय होतं ते सांगायला नको का?

शिवणटिपण
या आक्षेपाशी मी शंभर टक्के सहमत. आणि लेबलवर नुसतं 'बांबू' लिहून थांबणाऱ्यांकडून घेऊच नका. 'व्हिस्कोस (बांबूपासून) ९२ टक्के, इलॅस्टेन ८ टक्के' असं मागे लिहिणारा निदान खरं तरी बोलतोय.

टिकण्याचं विचारलं होतं ना वर, त्यावर कुणी नीट बोललं नाही. बांबूची चड्डी सगळ्यात आधी मांड्यांच्या आतल्या बाजूला जाते. आधी बारीक गोळे येतात, मग कापड विरळ होतं, उजेडात धरलं की आरपार दिसायला लागतं. कारण तेच, ओलं असताना कमजोर आणि नेमकं ओलं असतानाच घासलं जातं. धुताना पिळू नका, दाबून पाणी काढा. मशीन असेल तर जाळीच्या पिशवीत, उलट्या करून, थंड किंवा कोमट पाण्यात. ब्लीच नको, क्लोरीनने इलॅस्टेन मरतं. ड्रायरची गरम हवा नको. आणि फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको, त्याचा थर धाग्यावर बसतो आणि घाम शोषणंच कमी होतं, म्हणजे ज्यासाठी जास्त पैसे मोजले तेच गेलं.

डोंगरमाथा
सॉफ्टनरचं पॉलिस्टरच्या टीशर्टलाही लागू आहे बरं का. वास जात नाही म्हणून लोक अजून सॉफ्टनर ओततात आणि वास अजून पक्का होतो.

पायपीट
ताई, पण डॉक्टर ६० अंश म्हणतात आणि तुम्ही थंड पाणी म्हणता. नक्की कुणाचं ऐकायचं?

त्वचाबोध
छान पकडलंत. बुरशी असेल तोवर माझं, एरवी ताईंचं. उपचार चालू असताना साध्या सुती वापरा, त्या गरम पाणी सहन करतात. महागाच्या बांबूच्या तोवर कपाटात ठेवा.

कापूसकोंडा
सुतीचा विजय असो!

रानवारा
मंडळी, अपेक्षेपेक्षा खूपच जास्त मिळालं, मनापासून आभार. कालच घरातल्या सगळ्या चड्ड्या उलट्या करून तपासल्या. ताई म्हणाल्या तसंच, प्रत्येकीत चारही शिवणी एका ठिपक्यात, आणि लाल व्हायची जागा बरोबर त्याच रेषेवर. म्हणजे मी इतके दिवस कापडाला दोष देत होतो तो निम्मा शिवणीचा.

आता असं ठरवलंय: पळायला पातळ नायलॉन-इलॅस्टेनची लांब पायाची, फ्लॅटलॉकवाली. ऑफिस, चालणं, प्रवास आणि रात्रीसाठी बांबूची किंवा लायोसेलची, पाऊच आणि गसेट बघून. जिमचं अजून पक्कं नाही. एक शंका राहिली, बांबू ओला झाला की सैल पडतो तर साइज एक नंबर लहान घ्यावी का?

डेडलिफ्ट
नको नको. जिमला तर अजिबात नको. लहान घेतली की कमरेचं इलॅस्टिक रुततं आणि खाली वाकलं की वरची कड दुमडते. आपल्याच मापाची, जास्त इलॅस्टेनवाली घ्या.

शिवणटिपण
बरोबर. आणि कमरेपेक्षा मांडीचं माप आधी घ्या, सगळ्यात जाड जिथे असेल तिथे, उभं राहून. पळणाऱ्या आणि सायकलवाल्यांच्या मांड्या कमरेच्या मानाने जाड असतात आणि साइजचे तक्ते बहुतेक कमरेवरच बेतलेले असतात. दोन साइजच्या मध्ये अडकलात तर मांडीला बसेल ती घ्या. आधी एकच आणा, घरात घालून उठाबशा काढा, जिना चढा-उतरा. पायाची कड जागची हलली नाही तर मग बाकीच्या मागवा.

टकमक
उठाबशा काढताना खिडकी बंद ठेवा म्हणजे झालं :)

दोनचाकी
मांडीच्या मापाला जोरदार अनुमोदन, आमची हीच बोंब असते. रानवारा, नायलॉनवाली पहिल्यांदा लांब पळायला नेऊ नका, आधी छोट्या पळण्यात घालून बघा. नवीन शिवण कुठे लागते ते पहिल्या दोन-तीन किलोमीटरमध्ये कळत नाही, घाम आल्यावर कळतं.

रानवारा
चालेल. मांडी मोजली, तक्त्यात कमरेपेक्षा एक साइज वर जातेय. दोन्ही प्रकारची एकेक मागवतो आणि पळून झालं की इथेच लिहितो.